माकड, बुचर आणि देवळाली

लंडनच्या बोलीत पाचशे पौंडांना ‘मंकी’ म्हणतात. का, तर ब्रिटिश अमदानीत आपल्या पाचशे रुपयांच्या नोटेवर म्हणे माकडाचं चित्र होतं आणि गोऱ्या सोल्जरांनी तो शब्द मायदेशी नेला. गोष्ट झकास आहे. फक्त तशी नोट आजवर कुणी दाखवलेली नाही. हिंदुस्थान सरकारनं कागदी नोटा काढल्या १८६१ साली, आणि इंग्लंडातल्या जुगाऱ्यांचा ‘मंकी’ १८३०च्या दशकातच छापील मजकुरात भेटतो. त्यावर आणखी एक गैरसमज चढतो, तो म्हणजे हा शब्द कॉकनी लोकांच्या यमकी बोलीतला आहे. यमक कशाशी? कशाशीच नाही.

ही यमकी बोली चालते कशी, ते एका शब्दावरून पाहू. ‘लुक’ म्हणजे बघणं. त्याला यमक जुळवलं ‘बुचर्स हुक’, खाटकाचा आकडा. आता गंमत अशी, की यमक जुळवणारा ‘हुक’च टाकून द्यायचा आणि नुसतं म्हणायचं, ‘हॅव अ बुचर्स’. म्हणजे बघ जरा. ज्या शब्दामुळे अर्थ लागला असता तोच गायब! ‘हेड’साठी ‘लोफ ऑफ ब्रेड’, म्हणून डोकं चालव म्हणायला ‘यूज युवर लोफ’. ‘मेट’साठी ‘चायना प्लेट’, म्हणून जिवलग दोस्त झाला ‘चायना’. चीनचा काही संबंध नाही. कुणी ‘रूबी’ खायला बोलावलं तर ती हॉटेलवाली नव्हे. रूबी मरे ही १९५०च्या दशकातली उत्तर आयर्लंडची गायिका. मरेला यमक करी.

पर्यटकांच्या पुस्तकात हमखास असतं ‘ॲपल्स अँड पेअर्स’, म्हणजे ‘स्टेअर्स’, जिना. लंडनकर तो शब्द रोज वापरतो हा समज मात्र पुस्तकातच ठेवावा. उलट ‘टी लीफ’ म्हणजे ‘थीफ’, चोर, हा शब्द सगळा उच्चारतात. ‘लीफ’ला ‘थीफ’चं यमक कुठल्याही तोंडात जुळतं; कॉकनी तोंडात ‘थ’चा ‘फ’ होऊन चोर ‘फीफ’ होतो, एवढंच. दहा पौंडांच्या नोटेला, ‘टेनर’ला, ‘आयर्टन सेना’ म्हणतात, ब्राझीलच्या मोटार-शर्यतपटूच्या नावावरून. आपण ‘टेनर’मधला ‘र’ ठणठणीत म्हणतो, म्हणून आपल्याला यमक ऐकूच येत नाही. लंडनकर तो ‘र’ गिळतो, ‘टेना, सेना’. कान तिथला नसेल तर निम्मी बोली हातातून निसटते. आणि सेनासारखी नावं त्यात शिरली, यावरून ही बोली व्हिक्टोरियाबरोबर संपली नाही हेही दिसतं.

ही चोरांची, पोलिसांना चकवायची सांकेतिक भाषा होती, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. जॉन कॅम्डन हॉटन या लंडनच्या प्रकाशकानं १८५९ साली बोलीभाषेचा कोश काढला, त्यात या शब्दांची यादी दिली. त्यानं ही बोली रस्त्यावर गाणी विकणाऱ्या आणि ओरडून माल खपवणाऱ्या मंडळींची म्हटली आहे आणि तिचा जन्म बारा-पंधरा वर्षांपूर्वीचा, म्हणजे १८४०च्या दशकातला मानला आहे. चोरही ती बोलत असतील. पण पंधरा वर्षांत दुकानात छापील मिळू लागणारी गुप्त भाषा फारशी कामाची नसावी, असं आपलं माझं मत. बोलण्यातली मौज हे कारण मला जास्त पटतं.

आणि कॉकनी कोण? ज्याच्या जन्मावेळी ‘बो बेल्स’ कानी पडल्या तो. लोकांना वाटतं या घंटा पूर्व लंडनच्या बो भागातल्या. त्या आहेत चीपसाइडच्या सेंट मेरी-ल-बो चर्चच्या. १९४१च्या बॉम्बफेकीत त्या नष्ट झाल्या, १९६१ साली पुन्हा वाजल्या. नियम काटेकोर पाळला तर मधल्या वीस वर्षांत एकही कॉकनी जन्मला नाही!

आपल्याला ओळखीचे वाटणारे सगळेच शब्द मात्र माकडाच्या नोटेसारखे फसवे नाहीत. ‘हॅव अ डेको’चा अर्थ ‘हॅव अ बुचर्स’सारखाच, पण हा डेको म्हणजे सरळ आपला ‘देखो’, फौजेबरोबर गेलेला. आणि ‘डूलाली’, म्हणजे डोकं फिरलेला, ही नाशिकजवळची देवळाली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई तिथल्या छावणीत परतीच्या जहाजाची वाट बघत. जहाजांचा हंगाम ठरलेला, तोवर ऊन, कंटाळा आणि दारू. त्यातून भ्रमिष्टासारखं वागण्याला नाव पडलं ‘डूलाली टॅप’. हा टॅप म्हणजे आपला ताप. पुढे ‘टॅप’ गळाला, नुसतं ‘डूलाली’ उरलं. जोडीतला दुसरा शब्द गळण्याची तऱ्हा अगदी ‘बुचर्स’सारखीच, यमक तेवढं इथं कधी नव्हतंच.