जुन्या लॅपटॉपला नवी डिस्क, आणि जुन्या डिस्कमधली अमानत

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या घरांत लॅपटॉपचा विषय निघतो. घरात एक जुना लॅपटॉप असतोच. कधी थोरल्या भावाच्या इंजिनिअरिंगच्या वेळी घेतलेला, कधी करोनाच्या काळात ऑनलाइन वर्गांसाठी सेकंड हँड आणलेला. बटण दाबून चहा ठेवावा, चहा पिऊन व्हावा, तरी पडद्यावर गोल फिरतच असते. प्रवेशाचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसले की तो हमखास अडकतो. मग मुलगी म्हणते, ‘अब्बा, हा आता काढून टाका.’ आणि अब्बा मनातल्या मनात हप्त्यांचा हिशेब मांडू लागतात.

आम्ही नाशकात उर्दू आणि मराठी शिकवतो. पालक आमच्याकडे मुलांच्या अभ्यासाबरोबर असे प्रश्नही घेऊन येतात. अशा वेळी आम्ही आधी एकच विचारतो, ‘यातली हार्ड डिस्क बदलून पाहिली का?’ २०१२ ते २०१८ च्या दरम्यानच्या बऱ्याच लॅपटॉपचा प्रोसेसर आजही घरातल्या कामाला पुरेसा असतो. त्याला मागे खेचते ती फिरणारी हार्ड डिस्क. ती काढून एसएसडी बसवली तर हेच यंत्र आणखी काही वर्षे काम देते, आणि खर्च नव्या लॅपटॉपच्या मानाने अगदी थोडा येतो.

मात्र डिस्क बदलणे म्हणजे फक्त एक सुटा भाग बदलणे नव्हे. त्या डिस्कमध्ये घराची कागदपत्रे, फोटो आणि गेलेल्या माणसांचे आवाज असतात. म्हणून आधी डिस्कची ओळख करून घेऊ, मग तिच्यातल्या ऐवजाकडे वळू.

डिस्क संथ का असते?

हार्ड डिस्कचा जन्म १९५६ चा. आयबीएम कंपनीच्या रामॅक या संगणकाबरोबर आलेल्या पहिल्या डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन सुमारे एक टन होते आणि तिच्यात जेमतेम ५० लाख अक्षरे मावत. मोबाइलवर काढलेल्या एखाद्या फोटोलाही आज तेवढी जागा लागते. लॅपटॉपमधली डिस्क तळहातावर मावते, पण तिची रीत तीच आहे. आत तबकडी फिरते आणि ग्रामोफोनच्या सुईसारखा एक दांडा योग्य जागी जाऊन मजकूर वाचतो. फरक इतकाच की हा दांडा तबकडीला टेकत नाही, तो केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतरावर तरंगतो. चालू लॅपटॉप आपटला की डिस्क बिघडते ती यामुळेच.

लॅपटॉपमधल्या बहुतेक डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्या घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. ऐकायला हा वेग मोठा वाटतो. पण विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली वेगवेगळ्या जागांवरून उचलाव्या लागतात. दरवेळी दांडा सरकणार, तबकडी फिरून ती जागा खाली येणार, मग वाचन. अशा विखुरलेल्या जागा सेकंदाला शंभरसुद्धा गाठता येत नाहीत.

एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. पेन ड्राइव्हसारखीच ती फ्लॅश मेमरीवर चालते. फ्लॅश मेमरीचा शोध जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात लावला. दांडा सरकण्याची वाट पाहावी लागत नसल्याने एसएसडी सेकंदाला हजारो जागा वाचते. एरवी पाच मिनिटे घेणारा लॅपटॉप अर्ध्या मिनिटाच्या आसपास उघडतो तो यामुळे.

दोष डिस्कचाच आहे का?

पैसे घालण्याआधी एक सोपी तपासणी करावी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. लॅपटॉप अडकलेला असताना तिथे डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना भिडलेला आणि सीपीयूचा आकडा कमी दिसत असेल, तर अडचण बहुधा डिस्कची आहे. मेमरीचा आकडाही ९० च्या पुढे असेल तर रॅमही कमी पडते आहे. ४ जीबीची ८ जीबी करून घ्यावी.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा एक मोफत प्रोग्राम डिस्कची तब्येत सांगतो. तो पिवळा किंवा लाल रंग दाखवत असेल, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर बाकी सगळी कामे बाजूला ठेवून आधी फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. अशा डिस्कवर एकेक तास मोलाचा असतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. डिस्क बदलल्याने वेग येतो, हा प्रश्न सुटत नाही. फक्त अभ्यास, इंटरनेट आणि लेखन एवढेच काम असेल तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू या मोफत प्रणाली अशा यंत्रावर चांगल्या चालतात आणि त्यांना सुरक्षेची सुधारणा मिळत राहते. उर्दू आणि मराठी युनिकोडही त्यांत व्यवस्थित लिहिता येते.

सी ड्राइव्हमध्ये काय असते?

आता मुख्य मुद्दा. आमच्या परिचयातील एका शिक्षिकाबाईंनी लॅपटॉप दुरुस्तीला दिला. दुकानदाराने विचारले, ‘सी ड्राइव्ह फॉरमॅट करू ना?’ सोबत गेलेला मुलगा म्हणाला, ‘करा, त्यात फक्त विंडोज आहे.’ लॅपटॉप परत आला तो सुसाट. पण डेस्कटॉपवर जपून ठेवलेल्या नऊ वर्षांच्या उर्दू प्रश्नपत्रिका गेल्या होत्या. दुकानदार विचारूनच पुढे गेला होता आणि मुलालाही ठाऊक नव्हते की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स ही सगळी घरे सी ड्राइव्हच्या आतच असतात.

तेव्हा डिस्कला हात लावण्याआधी कागद-पेन घेऊन यादी करावी. आमची यादी अशी आहे:

पहिले, वर सांगितलेली चारही घरे, आणि डी, ई वगैरे ड्राइव्हमधले सगळे.

दुसरे, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. शिष्यवृत्ती, महाडीबीटी, शालार्थ, बँक यांचे पासवर्ड अनेकांना तोंडपाठ नसतात, लॅपटॉपलाच पाठ असतात.

तिसरे, फॉन्ट. आपल्या भाषांसाठी हे फार महत्त्वाचे आहे. उर्दूचे बरेच जुने काम इनपेजमध्ये झालेले आहे. दिल्लीत तयार झालेल्या आणि १९९४ साली आलेल्या या सॉफ्टवेअरने नस्तालीक लिपी घरच्या संगणकावर आणली. त्याची फाइल वर्डमध्ये उघडत नाही. मराठीचे जुने काम श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये असते. नव्या डिस्कवर तो फॉन्ट नसला तर फाइल शाबूत असूनही अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. म्हणून विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरची नक्कल घ्यावी. इनपेजची किंवा श्रीलिपीची मूळ सीडी, परवान्याचा क्रमांक आणि असल्यास यूएसबीला लावायची किल्ली शोधून ठेवावी. महत्त्वाच्या फाइलींची एकेक पीडीएफही काढून ठेवावी. ती कुठेही वाचता येते.

चौथे, व्हॉट्सॲपवरून लॅपटॉपवर उतरवलेले ऑडिओ आणि व्हिडिओ. त्यांची नावे निरर्थक आकड्यांची असतात, म्हणून ते दुर्लक्षित राहतात. त्यांतच कधी दादीच्या आवाजातली कहाणी असते, कधी हजच्या वाटेवरून नानांनी पाठवलेला निरोप.

ही सारी नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि दुसऱ्या संगणकावर दहा-बारा फाइली उघडून पाहाव्यात. फोल्डर दिसले म्हणजे फाइल उघडेल असे नसते.

खरेदी आणि जोडणी

जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा अडीच इंची साटा प्रकारची डिस्क असते आणि त्याच मापाची एसएसडी तिच्या जागी बसते. नंतरच्या लॅपटॉपमध्ये च्युइंगमच्या पट्टीसारखी दिसणारी एम-डॉट-टू एसएसडी लागते. त्यातही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार दिसायला जवळजवळ सारखे असतात, पण एकाच्या जागी दुसरा चालेलच असे नाही. म्हणून नाशकात एम. जी. रोडवर जा की पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक लिहून न्यावा. घरगुती कामाला २५० जीबीच्या आसपासची एसएसडी चालते. फोटो-व्हिडिओ बरेच असतील तर ५०० जीबीची घ्यावी. दोन-तीन दुकानांत भाव विचारावा आणि पक्के बिल घ्यावे. अविश्वसनीय स्वस्तात मिळणाऱ्या बिननावाच्या मोठ्या डिस्कपासून दूर राहावे. त्यांच्यावर छापलेली क्षमता अनेकदा खोटी असते.

जोडणी घरीही करता येते. लॅपटॉप पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा, निघत असेल तर बॅटरीही काढावी. अनेक जुन्या मॉडेलमध्ये डिस्कपुरते वेगळे झाकण असते. कागदावर लॅपटॉपचा आकार काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी ठेवत जावे. जुन्या डिस्कला लोखंडी चौकट असते; ती सोडवून एसएसडीला लावावी आणि एसएसडी हलकेच सरकवून बसवावी. पूर्ण तळ उघडावा लागत असेल आणि सवय नसेल तर हे काम कारागिराकडे द्यावे, पण समोर बसून करून घ्यावे आणि जुनी डिस्क लगेच परत घ्यावी.

विंडोज आणण्याचे दोन मार्ग आहेत. जुनी डिस्क धडधाकट असेल तर साटा-यूएसबी केबल लावून तिची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, करता येते. डिस्क आजारी असेल तर क्लोन मध्येच अडकतो. तेव्हा पेन ड्राइव्हवरून नवे विंडोज टाकावे. लॅपटॉपवर विंडोज १० किंवा ११ आधी रीतसर चालू असेल तर परवाना सहसा पुन्हा विकत घ्यावा लागत नाही. त्याची नोंद त्या यंत्राच्या मदरबोर्डशी जोडलेली असते.

जुन्या डिस्कचे काय करायचे?

हा प्रश्न बहुतेक घरांत कोणी विचारत नाही. डिस्क दुकानात राहते किंवा भंगारात जाते. पण डिलीट केलेली फाइल हार्ड डिस्कवरून लगेच पुसली जात नाही. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून नाव खोडावे आणि आतले पान तसेच राहावे, तसे ते असते. साध्या मोफत प्रोग्रामने ते पान पुन्हा वाचता येते. त्यावर घरातल्या लेकी-सुनांचे लग्नाचे फोटो असतात, आधार आणि बँकेची कागदपत्रे असतात, शिक्षकाची डिस्क असेल तर विद्यार्थ्यांची माहितीही असते. ही दुसऱ्यांचीही अमानत आहे. ती कोणाच्या हाती जाते याची जबाबदारी आपल्यावर राहते.

डिस्क निरोगी असेल तर तिला स्वस्तातले केसिंग घालून घरातली दुसरी प्रत म्हणून ठेवावी. याचा आणखी एक फायदा आहे. एसएसडी बिघडते तेव्हा पुष्कळदा काही इशारा न देता बिघडते, आणि तिच्यावरून डिलीट झालेले परत मिळणे फार कठीण. कंपनी साधारण ३ ते ५ वर्षांची वॉरंटी देते, पण ती डिस्कची, फोटोंची नाही. तेव्हा महत्त्वाचे सगळे दोन ठिकाणी असावे, आणि जमल्यास तिसरी प्रत दुसऱ्या शहरातल्या नातेवाइकाकडे.

डिस्क कोणाला द्यायची असेल तर फॉरमॅट करताना क्विक फॉरमॅटची खूण काढावी. मग विंडोज संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिते. याला काही तास लागतात, लागू द्यावेत. डिस्क बिघडलेली असेल आणि फॉरमॅट होत नसेल तर तबकडी फोडणे हाच उपाय. लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी बहुधा काचेची असते, त्यामुळे जाड कापडात गुंडाळून, डोळ्यांना चष्मा लावून आणि मुलांना दूर ठेवून हे काम करावे. तुकडे घंटागाडीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनुसार लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्यांवरही अशा वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी आहे.

या सुट्टीत घरातला जुना लॅपटॉप कपाटातून बाहेर काढा. मुलामुलींना सोबत घेऊन बसा, वरची यादी करा आणि आधी फाइली उतरवा. डिस्क पुढच्या महिन्यात आणली तरी चालेल. फाइली मात्र आजच उतरवलेल्या बऱ्या.