चाळीस पत्ते, १,५६० अंतरं

लग्नाच्या पत्रिका वाटायला निघालो तेव्हा यादीत ४० पत्ते होते. फेरी नीट आखायची तर प्रत्येक घरापासून प्रत्येक घराचं अंतर हवं. ४० गुणिले ३९, म्हणजे १,५६०! निम्म्यावर भागत नाही, कारण पुण्यात लक्ष्मी रस्ता एकेरी. गेलेल्या वाटेने परत येता येत नाही. पत्ते १०० झाले की आकडा ९,९००वर जातो.

नकाशावर पट्टी ठेवली की सरळ रेषेतलं अंतर लगेच निघतं, पण त्यावर विसंबू नये. दाभोळच्या धक्क्यावरून वाशिष्ठीच्या खाडीपलीकडचं धोपावे समोर दिसतं. फेरीबोटीत गाडी चढवली की काही मिनिटांत पैलतीर. बोट नसेल तर खेड, चिपळूण करत १०० किलोमीटरहून मोठा वळसा.

म्हणजे हिशोब रस्त्यांच्या जाळ्यावरच करायचा. मग १,५६० वेळा वाट शोधायची का? इथे एड्सखर डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाचे उपकार आठवतात. १९५६ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत, कागद-पेन्सिल न घेता, साधारण २० मिनिटांत त्याला सगळ्यात जवळची वाट शोधायची रीत सुचली. छापून आली १९५९मध्ये. एका घराच्या दारात पाणी सोडलंय असं समजा. ते सगळ्या गल्ल्यांतून पसरत जातं आणि ज्या चौकात पोहोचेल तिथे लागलेला वेळ लिहिला जातो. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती ही, की एका घरासाठी सोडलेलं पाणी उरलेल्या ३९ दारांशीही पोहोचतंच. त्यामुळे १,५६० शोधांचं काम ४० फेऱ्यांत उरकतं.

२००८मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या संशोधकांनी आणखी पुढची रीत मांडली: कमी महत्त्वाचे चौक एकेक करून बाजूला काढायचे आणि त्यांच्यावरून जाणाऱ्या वाटांचे जोड आधीच मांडून ठेवायचे. पुण्याहून नागपूरला निघालेला एसटीचा चालक मधल्या गावांच्या गल्ल्या आठवत बसत नाही, तसंच हे. तयारीला वेळ लागतो, पण नंतर हजारो पत्त्यांमधल्या अंतरांचा तक्ता काही सेकंदांत हाती येतो.

वेळेचा तक्ता मात्र एकदा करून भागत नाही. सकाळी दहाचा वेगळा, दुपारी तीनचा वेगळा. दाभोळला तर बोटीची वाट बघण्यातला वेळही त्यात धरावा लागतो, आणि रात्री शेवटची बोट सुटली की समोर दिसणारं धोपावे पुन्हा चिपळूणच्या वाटेला जातं.