नायट्रोजनचं विरजण

विरजण संपलं की आई काय करते? वाटी हातात देऊन शेजारच्या काकूंकडे पिटाळते! चमचाभर दही कोमट दुधात गेलं की रात्रीतून जिवाणू वाढतात आणि सकाळी घट्ट दही तयार. पण मित्रांनो, समजा साऱ्या गावातलंच विरजण संपलं तर?

असाच पेच नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला पडला होता. तिथं जाण्याआधी जरा आपल्या किल्लारीच्या शिवारात जाऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर हे गाव नव्या जागी वसलं. मृगाचा पाऊस झाला की इथं सोयाबीन, तूर पेरतात. जाणते शेतकरी पेरणीआधी गुळाच्या पाण्यात कालवलेली काळी भुकटी बियाण्याला चोळतात. तिच्यात असतात रायझोबियम जिवाणू. ते मुळांवर गाठी करून राहतात आणि हवेतला नायट्रोजन पकडून पिकाला देतात. परभणीच्या कृषी विद्यापीठात ही संवर्धकं तयार होतात. पाकिटावर मुदतीची तारीख असते, बरं का! पाकीट उन्हात राहिलं की आतले जिवाणू गेलेच म्हणून समजा.

आता याच्या नेमकं उलट काम करणारी मंडळी पाहू. संडास, मोरी, गोठा यांच्या सांडपाण्यात नायट्रोजन असतो तो अमोनियाच्या रूपात. असं पाणी नदीत सोडलं तर मासे मरतात, जलपर्णी माजते. जमिनीत मुरलं तर अमोनियाचं नायट्रेट होऊन ते बोअरच्या पाण्यात उतरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको. त्यानं तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, बाळ निळं पडतं. मराठवाड्यात कितीतरी घरी बोअरचंच पाणी पितात, तेव्हा ही गोष्ट काही लांबची नाही.

शुद्धीकरण केंद्रात जिवाणूंची एक टोळी हवेच्या मदतीनं अमोनियाचं नायट्रेट करते, दुसरी हवाबंद टाकीत नायट्रेटचा नायट्रोजन वायू करते. बुडबुडे वर येतात आणि नायट्रोजन परत हवेत! १९९० च्या दशकात नेदरलँड्समध्येच तिसरी टोळी सापडली. तिचं नाव अनॅमॉक्स, रंग लालसर. अमोनिया आणि नायट्राइट यांची सांगड घालून ती थेट नायट्रोजन वायू बनवते. हवा कमी फुंकावी लागते, म्हणजे वीजही वाचते. खोड एकच, भारी संथ! आपल्या आतड्यातले ई-कोलाय सगळं मनासारखं मिळालं तर २० मिनिटांत दुप्पट होतात. यांना लागतात दहा-बारा दिवस.

म्हणून तर रॉटरडॅमला २००२ साली पहिली मोठी टाकी सुरू झाली, तेव्हा पंचाईत झाली. विरजण आणायचं कुठून? ती पूर्ण भरात यायला साडेतीन वर्षं गेली! नंतरच्या टाक्यांना मात्र हिचाच गाळ नेऊन घातला. शेजारच्या काकूंची वाटीच की ही!

पण ओला, जिवंत गाळ किती दूर नेणार? अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये उपाय मांडला. त्यांनी हे जिवाणू साय काढलेल्या दुधात मिसळले, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवले आणि निर्वातात सुकवले. गंमत बघा, नायट्रोजन घालवणाऱ्यांना नायट्रोजनमध्येच बुडवलं! दूध कशासाठी? गोठताना पेशीचं आवरण फाटू शकतं, दुधातली साखर आणि प्रथिनं त्याला सांभाळून घेतात. काही महिन्यांनी अन्नपाणी मिळताच ती भुकटी पुन्हा कामाला लागली.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही जिवाणू, बुरशी, यीस्ट यांचे हजारो वाण असेच सुकवून, गोठवून जपले आहेत. झोपलेल्यांना उठवताना घाई मात्र चालत नाही. अनॅमॉक्सच्या टाकीत तर जरासा प्राणवायू शिरला तरी ही मंडळी काम थांबवून बसतात.