चालेल, की बदलायचं?

मध्यमवर्गीय घरात वस्तू सहसा टाकली जात नाही, ती माळ्यावर जाते. ‘कधीतरी लागेल’ ही आपली जुनी समजूत. छत्री-रेडिओपर्यंत ती निभावते, पण मोटारीच्या इंजिनाशी गाठ पडली की तिची खरी परीक्षा होते.

आमच्या बाबांची प्रीमियर पद्मिनी गेल्या वर्षी निळा धूर सोडू लागली आणि ऑइल पिऊ लागली. इंजिन खोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. घरात लगेच दोन पक्ष पडले. बाबा म्हणाले, “जे चालतंय ते राहू दे.” धाकटा भाऊ म्हणाला, “एकदाच सगळं नवं टाका.” निवाडा करायला मी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी मायक्रोमीटर पुसून हातात घेतला. “साहेब, डोळ्याला चकचकीत दिसतं ते चांगलंच असतं असं नाही. मोजू या.”

आधी सिलिंडर. मूळ माप ६८ मिलिमीटर. पिस्टनची वरची रिंग जिथून परत फिरते, तिथे दाब सर्वांत जास्त आणि ऑइल सर्वांत कमी. म्हणून झीज तिथेच जास्त होते आणि तिच्यावर न झिजलेला कंगोरा उरतो. अशा सिलिंडरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घातल्या, तर त्या कंगोऱ्यावर आपटून तुटू शकतात. शिवाय लांबट झालेल्या भोकात गोल रिंग नीट बसणार कशी? आमचं माप मर्यादेबाहेर गेलं होतं. बोअर करणं आलं, आणि बोअर मोठं झालं की त्या मापाचे नवे पिस्टन ओघानंच आले.

रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, ऑइल सील यांवर चर्चाच नव्हती. बेअरिंगचा थर मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. ऑइलमधली कचकच तो पोटात घेतो आणि क्रँकला वाचवतो. दुसऱ्यासाठी झिजणं हेच त्याचं काम. कनेक्टिंग रॉडचे बोल्टही नवेच. त्यांतला एक तुटला, तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. अशा ठिकाणी काटकसर करू नये.

टॅपेटचं मात्र उलट. कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घासून जुळलेले असतात. झीज मर्यादेत असेल तर जुनी जोडी चालते, पण ज्याचा टॅपेट त्याच्याच जागी बसवायला हवा. मिस्त्रींनी प्रत्येकावर क्रमांक घातला होता. टॅपेटचा तळ खोलगट झाला नव्हता, त्यामुळे जोड्या वाचल्या.

खरा पेच क्रँकशाफ्टचा होता. पूर्वी कधीतरी तो वीस थाउ, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर, घासलेला. आणखी एकदाच घासता येईल, असं मिस्त्रींचं म्हणणं. त्या गाडीचं उत्पादन २००१ मध्ये थांबलं. २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही गेली. गिऱ्हाईक उरलं नाही की सुटे भागही दुर्मिळ होतात. भाऊ कुर्ल्याच्या बाजारातून ‘नवा’ क्रँक घेऊन आला होता. मिस्त्रींनी तोही मोजला. त्याची मापं एका जर्नलपासून दुसऱ्यापर्यंत जुळत नव्हती. जुन्याची गोलाई मात्र अजून मर्यादेत होती, तडाही नव्हता. तेव्हा क्रँक घासायचा नाही, फक्त पॉलिश करायचा आणि वीस थाउचीच नवी बेअरिंग घालायची, असं ठरलं. शेवटचा कट पुढच्या वेळेसाठी शिल्लक राहिला.

बिल पाहून बाबांनी कपाळाला हात लावला. भावाला ते फारच कमी वाटलं. म्हणजे निवाडा बरोबर झाला असावा!

मला यातून एवढंच उमगलं. ‘जुना की नवा’ हा प्रश्नच अपुरा आहे. भाग मापात आहे का, तो दगा देईल तेव्हा सोबत कुणाला घेऊन जाईल, आणि तो पुन्हा मिळेल का, हे तीन प्रश्न विचारावेत. स्वस्त, पण दगा दिला तर सगळं बुडवणारा भाग बिनदिक्कत बदलावा. दुर्मिळ आणि मापात असलेला भाग जपावा. उरलेल्यांचा निर्णय मायक्रोमीटरवर सोपवावा. त्याला जुन्याची माया नसते आणि नव्याची भुरळही पडत नाही.