घाटेअळीचा विषाणू आणि माणसाचे विकर

लातूर-नांदेडकडे हरभऱ्यावर, तुरीवर घाटेअळी पडली की काही शेतकरी एचएएनपीव्ही फवारतात. पाच-सात दिवसांनी रानात जावे, तर अळ्या शेंड्याला उलट्या लटकून मेलेल्या दिसतात. बोट लावले की कातडी फुटून पाणी गळते. ही करामत बॅक्युलोव्हायरस कुळातल्या एका विषाणूची. ह्याच कुळातला दुसरा विषाणू प्रयोगशाळेत माणसाचे प्रोटीन कायनेज बनवून देतो.

कायनेज हे विकर, म्हणजे एन्झाइम. एटीपी या रेणूवरचा फॉस्फेट उचलून ते दुसऱ्या प्रथिनावर बसवते. विहिरीवरच्या मोटारीचे बटण दाबावे तसे ते प्रथिन त्यामुळे चालू किंवा बंद होते. माणसात पाचशेहून जास्त कायनेजे आहेत. एबीएल नावाच्या कायनेजचे बटण बिघडून चालूच राहिले, तर एका प्रकारचा रक्ताचा कर्करोग होतो. ते बटण बंद करणाऱ्या इमॅटिनिब या औषधाला अमेरिकेत 2001 मध्ये मान्यता मिळाली.

असे औषध शोधायचे तर शुद्ध कायनेज हाताशी हवे. माणसाच्या पेशीत ते अगदी थोडे असते. ई. कोलाय जिवाणूत बनवणे स्वस्त पडते, पण माणसाची मोठी प्रथिने तिथे पुष्कळदा नीट घडी न पडता गोळा होऊन बसतात. म्हणून कीटकाच्या पेशी वापरतात. त्यातल्या एसएफ-9 या पेशी मुळात अमेरिकन लष्करी अळीच्या कोषातल्या अंडाशयापासून वाढवलेल्या. 2018 मध्ये भारतात पोहोचून आपला मका खाणारी अळी हीच.

ह्या पेशींत माणसाचे जनुक नेण्याचे काम बॅक्युलोव्हायरस करतो. हा विषाणू स्वतःभोवती पॉलिहेड्रिन प्रथिनाचे स्फटिक बांधतो, तेही ढिगाने. शेतात ऊन-पावसापासून बचावायला त्याला हे कवच लागते. काचेच्या भांड्यात लागत नाही. म्हणून पॉलिहेड्रिनचे जनुक काढून त्या जागी माणसाचे जनुक बसवतात. 1983 मध्ये अमेरिकेत ह्या रीतीने मानवी इंटरफेरॉन बनवले गेले.

कायनेजच्या जनुकाला सहा हिस्टिडीनचे शेपूट जोडतात. विषाणू पेशींत सोडून त्या 27 अंशांवर दोन-तीन दिवस ठेवतात, मग फोडतात. तो रस निकेलच्या स्तंभातून गाळला की शेपूट निकेलला चिकटते, बाकीचे वाहून जाते. इमिडाझोल ओतले की कायनेज सुटते. जेलवर शुद्धता पाहायची आणि लहान लहान कुप्यांत उणे 80 अंशांवर ठेवायचे. एकच कुपी वारंवार वितळवली-गोठवली तर विकराचा जोर उतरतो.

चाचणीत कायनेज, त्याचे लक्ष्य-प्रथिन, एटीपी आणि मॅग्नेशियम एकत्र करतात. एटीपीवरचा फॉस्फेट गेला की एडीपी उरते; ते किती तयार झाले, त्यावरून विकराचा वेग कळतो. औषध घातल्यावर वेग घटला, तर ते लागू पडले.

जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलांनी यंदा हरभऱ्यावरची अशी एक लटकलेली अळी आणावी. तिच्यातला थेंबभर द्रव कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला की चमकणारे बारीक कण दिसतात. तेच पॉलिहेड्रिन. प्रयोगशाळेत त्याच्याच जागी माणसाचे कायनेज तयार होते.