तांबडी फुली

पांढऱ्या कापडावर तांबडी फुली तुम्ही पाहिली असेल. ती औषधाची खूण, असे पुष्कळांना वाटते. पण ती आली कुठून? तिची गोष्ट आज आम्ही सांगतो.

इटली देशात कास्तिल्योने नावाचे एक छोटे शहर आहे. त्याच्याजवळ सोल्फेरिनो येथे २४ जून १८५९ रोजी मोठी लढाई झाली. एका बाजूला फ्रान्स व सार्डिनिया, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रिया. एका दिवसात सुमारे ४० हजार सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले.

हजारो जखमी कास्तिल्योनेत आले. दवाखाना भरला. मग लोकांनी चर्च उघडले, घरे उघडली. रस्त्यात गवत पसरून जखमींना निजवले. गावात पाणी होते, भाकरी होती. तरी माणसे तहानेने, भुकेने मरत होती. असं का बरं? कारण घोटभर पाणी पाजायला हात पुरे पडत नव्हते!

आंरी द्यूनां नावाचा एक व्यापारी आपल्या कामासाठी तिथे आला होता. तो डॉक्टर नव्हता. पण त्याने गावच्या बायकांना गोळा केले. त्यांनी जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. पोरांनी बादल्या भरून पाणी आणले. हा आपला, तो शत्रू, असा भेद त्या बायकांनी केला नाही. सगळे भाऊच, असे त्या म्हणत.

द्यूनांने १८६२ साली यावर पुस्तक लिहिले. त्याने दोन गोष्टी सुचवल्या. मदत करणारी माणसे लढाईच्या आधीच तयार ठेवा. आणि जखमींवर व त्यांची सेवा करणाऱ्यांवर कुणी हत्यार चालवू नये, असा करार करा. १८६३ साली जिनीव्हा शहरात समिती झाली. १८६४ साली १२ राज्यांनी करार केला. तेव्हा ही खूण ठरली. आपल्या देशात रेडक्रॉस संस्था १९२० साली निघाली.

म्हणजे ही नुसती औषधाची खूण नव्हे. 'इथे गोळी झाडू नका,' असे ती सांगते. म्हणून १९६० च्या कायद्याप्रमाणे परवानगीवाचून ती कुणालाही लावता येत नाही, डॉक्टरलासुद्धा नाही. खूण जिथे तिथे दिसली, तर लढाईत तिला कोण मान देईल?

आणखी एक सांगतो. पूर येतो, आग लागते, तेव्हा आपण धावतोच. पण पट्टी कशी बांधावी, हे आधी शिकलेले बरे. नाहीतर घरात पाणी असूनही माणूस तहानेला राहतो.