विद्युत अपघटनाने हायड्रोजननिर्मिती : धातू उत्प्रेरकांचा अभिक्रियेच्या गतीवरील परिणाम

प्रस्तावना :
केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. २०३० पर्यंत दरवर्षी किमान ५० लाख टन हरित हायड्रोजन निर्माण करण्याची क्षमता उभारणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. हा हायड्रोजन मुख्यतः पाण्याच्या विद्युत अपघटनातून मिळतो व त्याच्या किमतीत विजेचा वाटा मोठा असतो. ही वीज किती लागेल हे विद्युतअग्राच्या धातूवरही अवलंबून असते. प्रस्तुत लेखात ऋणाग्रावरील हायड्रोजननिर्मितीचा या दृष्टीने विचार केला आहे.

अभिक्रियेच्या पायऱ्या :
पाण्याच्या अपघटनास सैद्धांतिकदृष्ट्या किमान १.२३ व्होल्ट विभवांतर लागते. कोणताही उत्प्रेरक ही मर्यादा खाली आणू शकत नाही. प्रत्यक्षात मात्र अभिक्रियेस पुरेशी गती यावी म्हणून अधिक विभवांतर द्यावे लागते. या जादा भागास अतिविभव म्हणतात. उत्प्रेरकाचे कार्य हा जादा भाग कमी करण्याचे आहे.

ऋणाग्रावर प्रथम हायड्रोजनचा अणू धातूच्या पृष्ठभागास चिकटतो. नंतर असे दोन अणू एकत्र येऊन, किंवा एका अणूचा द्रावणातील घटकाशी संयोग होऊन, हायड्रोजनचा रेणू मुक्त होतो. अणू धातूस फार सैल चिकटला तर पहिली पायरी मंदावते; फार घट्ट चिकटला तर दुसरी. प्लॅटिनमच्या बाबतीत हे बंधन जवळजवळ योग्य तेवढे असते. आम्लीय द्रावणात प्लॅटिनमची विनिमय धारा घनता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक मिलिअँपिअर असते. निकेलची त्याच्या शेकडो पटींनी, तर शिशाची कोट्यवधी पटींनी कमी असते.

कोल्हापुरातील उद्योगांचा संदर्भ :
हाच फरक मुलामा देण्याच्या व्यवसायात उलट बाजूने अनुभवास येतो. जस्ताचा प्रमाण विभव उणे ०.७६ व्होल्ट आहे. त्यामुळे जलीय द्रावणातून जस्ताऐवजी हायड्रोजनच बाहेर पडावयास हवा. परंतु जस्तावर हायड्रोजननिर्मिती अत्यंत मंद असल्याने जस्ताचा थर बसू शकतो. कोल्हापूरच्या फौंड्री उद्योगात तयार होणाऱ्या बिडाच्या ओतीव भागांवर मात्र अल्कधर्मी द्रावणातून जस्त बसविणे कठीण जाते. बिडाच्या पृष्ठभागावरील कार्बनमुळे तेथे हायड्रोजन सहज सुटतो व वीज त्यातच खर्ची पडते. अशा भागांसाठी आम्लीय क्लोराईड द्रावण अधिक उपयुक्त ठरते. शिसे-आम्ल बॅटरी भारित होऊ शकते, तीही शिशावरील हायड्रोजननिर्मिती मंद असल्यामुळेच. मुलामा व बॅटरी यांत जो वायू नकोसा असतो, तोच अपघटनीत हवा असतो. म्हणून तेथे धातूची निवड नेमकी उलटी करावी लागते.

ऊर्जाखर्च :
फॅराडेच्या नियमानुसार एक किलोग्रॅम हायड्रोजनसाठी घटाच्या प्रत्येक व्होल्टमागे सुमारे २६.६ युनिट वीज लागते. म्हणजेच अतिविभव ०.१ व्होल्टने घटल्यास किलोमागे सुमारे २.७ युनिट वाचतात. प्लॅटिनम दुर्मीळ व महाग असल्याने अल्कधर्मी अपघटनीत प्रामुख्याने निकेल वापरतात. निकेलची उणीव दोन मार्गांनी भरून काढता येते. पहिला मार्ग पृष्ठभाग वाढविण्याचा. निकेल-ॲल्युमिनियम मिश्रधातूतील ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्यात विरघळवून सच्छिद्र रॅने निकेल मिळते. टाफेल उतार १२० मिलिव्होल्ट धरल्यास, सक्रिय पृष्ठभाग दसपट झाला की तेवढ्याच विद्युतधारेस ०.१२ व्होल्ट कमी लागतात. प्रतियुनिट ८ रुपये दर गृहीत धरला, तर किलोमागे सुमारे २५ रुपयांची बचत होते. दुसरा मार्ग मॉलिब्डेनमसारखा धातू मिसळून हायड्रोजन व पृष्ठभाग यांतील बंधनच सुधारण्याचा आहे. दोन्ही प्रकारांत वाढलेली विद्युतधारा सारखीच दिसू शकते. म्हणून धारेचे मापन भौमितिक क्षेत्रफळाबरोबरच सक्रिय क्षेत्रफळाच्या संदर्भातही देणे आवश्यक ठरते.

शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान अधिविभागात रासायनिक पद्धतींनी धातू-संयुगांचे पातळ थर तयार करण्याची दीर्घ परंपरा आहे. कमी तापमानात व साध्या साधनांनी थर देणाऱ्या या पद्धती असे स्वस्त विद्युतअग्र घडविण्यास उपयोगी पडू शकतात.

निष्कर्ष :
१. उत्प्रेरक अभिक्रियेची किमान ऊर्जा बदलत नाही. तो केवळ तिची गती वाढवितो.
२. अतिविभवातील अल्प घटही हायड्रोजनच्या किमतीत जाणवण्याजोगा फरक घडविते.
३. उत्प्रेरकाची तुलना करताना पृष्ठभागाचा विस्तार व धातूची अंगभूत क्षमता यांचा स्वतंत्र विचार होणे आवश्यक आहे.